मक्याची सोयरीक

कपातला चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे एकदा हे सांगत होतो तर आमच्या शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला, आणि त्याच्या बायकोनं तो राग माझ्यावर काढला.

तर एका हंगामात मी एकशे चाळीस लग्नं लावली. सरकारी कागदावर, माझ्या सहीनिशी. आणि त्यातल्या एकाही लग्नात नवरदेव कोण होता हे मला ठाऊक नव्हतं. असं कसं होईल म्हणता? माझ्या हातून होतं हो. ऐका तर.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बुलढाण्याचा. शेतकीचा डिप्लोमा केला, खात्यात फिल्डमन म्हणून लागलो आणि वडनेर भोलजीजवळच्या एका सरकारी फार्मवर जाऊन पडलो. नोकरी तात्पुरती. दर सहा महिन्यांनी वाटायचं की आता गाठोडं बांधून घरी, आणि मग एक कागद यायचा आणि पुढच्या सहा महिन्यांपुरता जीव भांड्यात पडायचा.

त्यातच डोणगावचं स्थळ आलं. आबाजी म्हणून तिथले धान्याचे व्यापारी, त्यांची थोरली मुलगी. आम्ही पाहायला गेलो. मुलगी दहा मिनिटं समोर बसली. त्यातली आठ मिनिटं मी पोह्यांकडे बघत होतो, पण उरलेल्या दोन मिनिटांतच कामातून गेलो. आबाजी मात्र रोखठोक माणूस. आमच्या वडिलांना म्हणाले, "पोरगं पसंत हाय आमाले. कायमची ऑर्डर दाखवा अन् पोरगी घेऊन जा."

आता कायमची ऑर्डर कोणाच्या हातात? आमच्या मोठ्या साहेबांच्या. ते महिन्यातून एकदा अकोल्याहून जीपनं येत. शांत माणूस, जाड चष्मा, हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: मका. चार वर्षं ते गावोगावच्या आठवडी बाजारांतून गडद केशरी दाण्याची कणसं शोधत फिरले होते. दाणा जितका केशरी तितकं त्यात डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व जास्त, असं त्यांचं म्हणणं. दिवस मावळला की ज्या पोरांना दिसेनासं होतं, त्यांच्या ताटात असा मका पडला तर काय बहार होईल, हे ते इतक्या तळमळीनं सांगायचे की माझ्यासारख्या आळशी माणसालाही उठून काहीतरी करावंसं वाटायचं.

त्या वर्षी त्यांनी मला दहा ओळींचं बी दिलं. म्हणाले, "एक ओळ म्हणजे एका कणसाचं बी. प्रत्येक झाडाच्या तुऱ्यातला पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकायचा. दुसऱ्या झाडाचा कणही लागता कामा नये. असं काही पिढ्या केलं म्हणजे वाण शुद्ध होतो. हे बी माझ्या हातात नीट आलं, तर तुमच्या कायमपणाचं पत्र मी स्वतः लिहीन."

मक्याची गंमत तुम्हाला माहीत असेलच. एकाच झाडाला डोक्यावर तुरा, तो नर. कमरेशी कणीस, ती मादी. कणसाला केस फुटतात, त्या केसांवर तुऱ्यातली पिवळी भुकटी पडली की दाणा भरतो. वाऱ्यानं भलतीच भुकटी येऊन पडू नये म्हणून तुऱ्याला आणि कणसाला कागदी पिशव्या घालायच्या. मग सकाळचं दव सुकलं की तुरा झटकून भुकटी पिशवीत घ्यायची, कणसाची पिशवी उचलून ती केसांवर टाकायची आणि लगेच झाकायचं. झालं काम.

हे काम करायला गावातल्या सहा बाया रोजानं यायच्या. त्यांची म्होरकी गंगाबाई. पन्नाशीची, कामाला वाघीण. गावातल्या निम्म्या सोयरिकी तिनंच जुळवलेल्या आहेत, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "भाऊ, कनसाले ह्या टोप्या काऊन घालून राह्यले?"

आता मी सरळ सांगायचं ना, की बाई, भलतं बी पडू नये म्हणून. पण नाही. माझ्याकडे डिप्लोमा होता. मला समजावून सांगण्याची भारी हौस.

"गंगाबाई, हे लगन हाय लगन," मी म्हणालो.

"कोनाचं?"

"मक्याचं. हा वरचा तुरा म्हणजे नवरदेव, हे कणीस नवरी. ही पिवळी भुकटी म्हणजे हळद. अन् ही कागदाची पिशवी म्हणजे अंतरपाट. मुहूर्त आला की अंतरपाट काढायचा, हळद लावायची."

बाया खूश. एकीनं तोंडाला पदर लावला. मी फुगलो. कुणी विचारलेलं नसताना पुढे सुरू झालो, की या दहा ओळी म्हणजे दहा घराणी. एका ओळीतली सगळी झाडं एकाच कणसाची, म्हणजे सख्खी भावंडं. दोन नंबर आणि पाच नंबर एकाच शेतकऱ्याच्या वावरातून आलेले, म्हणजे चुलत. चार नंबरची आपली गावरान पांढरी, ती नुसती तुलनेसाठी. सात नंबर सगळ्यांत केशरी, पोरांच्या डोळ्यांसाठी सगळ्यांत चांगला, साहेबांचा जीव त्यात. सगळी वंशावळ मी त्यांच्यापुढे मांडून ठेवली.

गंगाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग नवरीले नवरदेव कोन्या घरचा पाहाचा?"

"दुसऱ्या घरचा कशाला? त्याच झाडाचा."

गंगाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्याच झाडाचा?"

"हो. दुसऱ्याचा कण लागला नाही पायजे. मोठ्या साहेबांचा हुकूम हाय."

"मोठ्या साहेबाले लेकरंबाकरं हायत का?"

"तीन हायत."

"बरं," गंगाबाई म्हणाली, आणि बायांकडे एकदा पाहून कामाला लागली. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते मला तेव्हाच कळलं असतं, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याजवळ काही उरलं नसतं.

पहिले दोन दिवस, पिशव्या घालून होईपर्यंत, मी त्यांच्या मागेमागे फिरलो. काम सफाईचं होतं. मग मी कडुनिंबाखाली खुर्ची टाकली आणि रजिस्टर घेऊन बसलो. प्रत्येक झाडापुढे सुंदर अक्षरात एक शब्द लिहायचा: 'स्वयं'. म्हणजे स्वतःचा पराग स्वतःला. एकशे चाळीस झाडं, एकशे चाळीस वेळा 'स्वयं'. मधूनमधून डोणगावची ती दोन मिनिटं आठवायची आणि पुढचा 'स्वयं' जरा जास्तच वळणदार यायचा.

बायांना आकडे वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी ओळींना नावं ठेवली होती. पांढरी ती गोरी, केशरी तो तांबड्या, उंच वाढलेली ती लांबडी, खुजा तो बुटका. आणि काम करताना गाणी म्हणायच्या.

गोरीले मागनं आलं, तांबड्याच्या घरचं,
हयद लागली बाई, सोनं झालं पदरचं.

एकीचं संपलं की दुसरी उचलायची.

लांबडी फुगून बसली, बुटका नवरा पाहून,
उंची काय कामाची बाई, दाने घे मोजून.

काय गोडवा होता हो त्या आवाजांत. मी खुर्चीत बसून पायानं ताल धरायचो. बाया भुकटीची पिशवी घेऊन सातव्या ओळीतून चौथ्या ओळीत, पहिल्यातून सातव्या ओळीत ये-जा करायच्या. मला वाटायचं, सावली बघून चालताहेत. मी साहेबांना पत्रसुद्धा लिहिलं, की बाया कामात रमल्या आहेत आणि काम करताना लोकगीते गातात. साहेबांचं उत्तर आलं, 'छान.'

दसरा झाला, कणसं वाळली, खुडून झाली. साहेबांचं पत्र आलं की गुरुवारी येतो, बी तयार ठेवा. मी बुधवारी सकाळी कणसं सोलायला बसलो. म्हटलं, पांढऱ्या ओळीपासून सुरुवात करू, ती सोपी.

पहिलं कणीस सोललं. दाणे पिवळे.

माझ्या हातून ओळ बदलली असेल म्हणून चिठ्ठी पाहिली. चार नंबर. दुसरं सोललं, पिवळं. तिसरं, पिवळं. चौदाच्या चौदा पिवळी. आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पांढऱ्या मक्याला स्वतःचाच पराग मिळाला तर दाणा पांढराच राहतो. पिवळ्याचा पराग पडला तर त्याच वर्षी, त्याच कणसात दाणे पिवळे होतात. माणसाच्या भानगडी पिढ्यान् पिढ्या लपून राहतात, मक्याच्या त्याच हंगामात तोंडावर येतात.

मी आधी वाऱ्याला शिव्या दिल्या. मग वाटलं, राघूंनी पिशव्या फाडल्या असतील. मग शेजारच्या शेतकऱ्याकडे पळत गेलो आणि दमात घेतल्यासारखं विचारलं, "तुमी मका पेरला होता का?" तो म्हणाला, "भाऊ, माह्या वावरात ही कपाशी उभी हाय. तुमाले दिसून नाई राह्यली का?" दिसत होती. पार धुऱ्यापर्यंत, आमच्या बांधापर्यंत दिसत होती.

शेवटी गंगाबाईला बोलावलं. कणीस तिच्यासमोर धरलं.

"गंगाबाई, गोरीच्या कणसात हे पिवळे दाणे कुठून आले?"

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. कणीस हातात घेतलं, दाण्यांवरून बोटं फिरवली. "लेकरं बापावर गेले, भाऊ."

"कोण बाप?"

"तांबड्या. आमी गोरी त्याच्याच घरी देल्ली ना."

मी पोत्यावर बसलो. "अन् बाकीच्या?"

"सगया चांगल्या घरी पडल्या. एकीचंबी वाईट नाई केलं आमी."

"पण मी सांगितलं होतं ना, त्याच झाडाचा..."

"भाऊ, तुमी लहान हा अजून. साहेबाच्या घरी कोनी सांगनारं नसन. अवो, एका मायच्या पोटचे भाऊ-बहीन, त्याईचं लगन होते का? इथं तं एकाच झाडाचं. अन् तुमीच म्हनता, पोरायच्या डोयासाठी हा मका हाय. माही धाकटी बहीन होती. दिवस बुडाला का भिताडाले हात लावू लावू चाले. तिच्यासारख्या पोरायले जे खाऊ घालाचं, ते असं घरातल्या घरात निपजवाचं? आमच्यानं नाई झालं ते."

मला राग यायला हवा होता. नाही आला. त्या बहिणीचं ऐकल्यावर तो येणार तरी कसा? मग रजिस्टर आठवलं, उघडून पाहिलं. एकशे चाळीस वेळा 'स्वयं'. खाली माझी सही.

गुरुवार उजाडला. साहेबांची जीप यायच्या आधी एसटी आली, आणि तिच्यातून कोण उतरावं? आबाजी. धोतर, कोट, हातात छत्री. "म्हटलं, जावाई व्हनारं पोरगं काम काय करते ते डोयानं पाहू," असं म्हणत गोदामात येऊन पोत्यावर बसले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांना तिथून कसं हलवावं याचा विचार करतोय तोच जीप दारात.

साहेब आत आले, रजिस्टर उघडलं. अक्षर पाहून मान डोलावली. म्हणाले, "सुरेख."

त्या एका शब्दानं माझा धीर सुटला. म्हटलं, आता बोललो नाही तर जन्मभर हे पोटात राहील. "साहेब, हे रजिस्टर खोटं आहे," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. नवरदेव, नवरी, हळद, अंतरपाट, काही ठेवलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग एवढंच म्हणाले, "चार वर्षं."

ओरडले असते तर बरं झालं असतं हो. आबाजींनी हळूच कोटाच्या खिशातून घड्याळ काढून पाहिलं. परतीची एसटी कितीची ते मनात जुळवत असावेत. मला डोणगावची मुलगी पाठमोरी दिसायला लागली.

तेवढ्यात दारातून गंगाबाई आत आली, मागे पाचही बाया. "साहेब, पोराले बोलू नका. लगनं आमी लावली."

साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, लावलीत ती लावलीत. पण कोणाचं कोणाशी, ते आता कसं कळणार?"

"काऊन नाई कयनार?" गंगाबाई म्हणाली, आणि तिथंच, गोदामाच्या मधोमध, तिनं गाणं सुरू केलं.

गोरीले मागनं आलं, तांबड्याच्या घरचं...

बायांनी सूर धरला. साहेब दोन ओळी नुसते ऐकत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "थांबा. गोरी म्हणजे?"

"चार नंबर, साहेब," मी म्हणालो.

"तांबड्या?"

"सात नंबर."

आणि मला तिथं उभ्याउभ्या समजलं, की बारा दिवस मी ज्या गाण्यावर पायानं ताल धरत होतो तेच खरं रजिस्टर होतं. सगळी नोंद माझ्या कानात रोज सकाळी ओतली जात होती, आणि मी 'स्वयं' लिहीत बसलो होतो!

साहेब लिहीत गेले, मी नावांचे आकडे सांगत गेलो. साहेबांनी मध्येच विचारलं, "गोरीला तांबड्याचा पराग दिला. मग तांबड्याच्या कणसांना गोरीचा का?"

"नाई जी. साटंलोटं नाई करत आमी. तांबड्याच्या पोरी लांबडीच्या घरी देल्ल्या."

"आणि एका ओळीतली चौदाही एकाच घरी?"

"हाव. बहिनी-बहिनी एका घरी नांदल्या तं भांडन कमी."

इकडे आबाजींनी घड्याळ खिशात ठेवलं होतं आणि पोतं ओढत ओढत पुढे आले होते. त्यांना राहवेना. "बाई, त्या दोन नंबर अन् पाच नंबरचं काय केलं? हे पोरगं आत्ताच म्हनलं का ते चुलत व्हतात. त्याईचं एकमेकात तं नाई ना जमवलं?"

गंगाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी छत्री सावरली. "येवढी समज हाय आमाले, मामाजी. दोघायले दोन दिशेनं देल्लं."

"मंग बराबर हाय," आबाजी साहेबांकडे वळून म्हणाले. "साहेब, बाई बराबर बोलून राह्यली. तुमचंच चुकलं म्हना."

अकोल्याहून आलेला एवढा विद्वान माणूस, पण त्या गोदामात त्यांच्या बाजूनं एकही मत नव्हतं. त्यांनी कागदावरचा तक्ता वरून खाली वाचला. परत वाचला. आणि मग मी जे कधी पाहिलं नव्हतं ते झालं. साहेब हसले. चष्मा हातात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"मूळ बी थोडं माझ्या कपाटात आहे," ते म्हणाले. "शुद्ध करायचं काम पुन्हा करता येईल. पण या घराण्यांचे एकमेकांशी संकर मला पुढे कधीतरी करायचेच होते, आणि कोणाचा कोणाशी करायचा हे मला सुचत नव्हतं. गावरान पांढरीला केशरीचा पराग द्यायचं तर माझ्या मनातही आलं नसतं." मग माझ्याकडे वळले. "रजिस्टर खोटं आणि गाणं खरं, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच होतंय."

मी रजिस्टर मिटून ठेवलं.

"तुम्ही समजावून फार छान सांगता हो," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी आपल्याला जे व्हायला नको असेल, तेवढं तुम्ही बायांना समजावून सांगत जा."

"पुढच्या वर्षी? पण साहेब, माझे सहा महिने तर..."

"कायमचा माणूस पुढच्या वर्षीही असतो. खोटं लिहिलंत, पण मला विचारावं लागलं नाही, तुम्हीच सांगितलंत. पत्र मी आज टाकतो."

मी चहा करायला पळालो. पुढच्या वर्षी गोरीची ती लेकरं माझ्या डोक्यावर हातभर वाढली आणि वडनेरची माणसं ती बघायला यायची, हे सांगून टाकतो. तक्त्याच्या वर साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'सोयरीक ठरवणार: गंगाबाई'. माझं नाव त्यावर कुठंच नव्हतं.

पण त्या दिवशीचं अजून संपलं नव्हतं. मी दोन्ही हातांत कप घेऊन परत आलो तर साहेब कणसं बघायला पुढे गेलेले, आणि दाराशी आबाजी गंगाबाईशी हळू आवाजात बोलत होते.

"बाई, तुमची पारख पाह्यली मी. आता एक सांगा. ह्या पोराले माही पोरगी द्यावं म्हनतो. कसं हाय पोरगं?"

मी जागच्या जागी थांबलो. गंगाबाईनं माझ्याकडे वळून पाहिलं. वरपासून खालपर्यंत, बी धरायला कणीस निवडताना पाहतात ना, अगदी तसं.

"पोरगं सरय हाय," ती म्हणाली. "मनानं चांगलं हाय, खोटं पचत नाई त्याले. पन लगनातलं त्याले काईच समजत नाई."

"ते तं मीबी पाह्यलं."

"पोरगी कशी हाय तुमची?"

"हुशार हाय."

"मंग द्या. एक हुशार असलं म्हंजे संसार व्हते."

"ठरलं तं मंग," आबाजी म्हणाले, आणि दोघांनी माझ्या हातातले कप उचलून घेतले. मला काही विचारावं असं दोघांपैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि खरं सांगू का, माझ्याही नाही.